ॲडव्हान्सचं बिल: कोटेशनपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

मी पुण्यात स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनचं काम करते. काही वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याने निर्यातीच्या खोक्यांचं डिझाइन मागितलं. सगळं बोलणं फोनवर झालं आणि त्याच संध्याकाळी खात्यात २०,००० रुपये आले. सोबत एका ओळीचा निरोप होता: "ताई, ॲडव्हान्स टाकलाय, कामाला लागा." मी लागले. दोन महिन्यांनी काम संपलं. ६०,००० चं बिल केलं, २०,००० वजा करून ४०,००० बाकी दाखवली. चार दिवसांनी त्यांच्या हिशेबनिसाचा फोन आला. त्याच्या वहीत ते २०,००० माझ्या नावावर हातउसने म्हणून चढले होते. म्हणजे त्याच्या लेखी मीच त्यांची देणेकरी. उसने परत घ्यायचे, बिलातून वळते करायचे, कर कापायचा तर किती रकमेवर, हे मालकाला विचारल्याशिवाय त्याला ठरवता येईना. मालक दौऱ्यावर. माझी बाकी यायला पाच आठवडे लागले.

यात कुणाची नियत खोटी नव्हती. व्यापाऱ्याने तर न मागता पैसे दिले होते. आलेल्या रकमेला नाव देणारा कागद मी पाठवला नव्हता, एवढंच. पैसा कशाचा, कोणत्या कामाचा आणि शेवटी कुठे वळता होणार, ही तीन उत्तरं ज्या कागदावर आहेत तो कागद म्हणजे ॲडव्हान्सचं बिल. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं माझ्या धंद्यातली आहेत, पण वेबसाइट करणारे, भाषांतरकार, फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर यांनाही रीत तीच लागू पडते.

आधी शब्द पक्का करा

बोलताना आपण ॲडव्हान्स, डिपॉझिट, टोकन, इसार हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. कागदावर मात्र त्यांचे अर्थ वेगळे होतात.

डिपॉझिट म्हणजे अनामत. भाड्याच्या घराची अनामत आठवा: ती मालकाकडे राहते आणि शेवटी परत मिळते. जीएसटी कायद्यातही अनामत म्हणून दिलेली रक्कम, ती कामाच्या मोबदल्यात वळती करेपर्यंत, मोबदला धरली जात नाही. त्यामुळे काहींना वाटतं की कागदावर डिपॉझिट लिहिलं की आज कर भरावा लागणार नाही. तसं होत नाही. रक्कम खरोखर फीचा भाग असेल तर शब्द बदलून तिचं स्वरूप बदलत नाही. उलट उद्या क्लायंट म्हणू शकतो, "डिपॉझिटच होतं ना, मग परत द्या."

इसार हा शब्द जागेच्या व्यवहारात चालतो. सौदा पक्का केल्याची खूण म्हणून दिलेली ती रक्कम, देणाऱ्याने माघार घेतली तर बुडते अशी समजूत असते. आपल्या कामात हा शब्द नको. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मागता येते. कागदावर "इसार जप्त" लिहिलं म्हणजे सगळे पैसे आपोआप आपले झाले असं नाही.

मी हे वाक्य वापरते: "एकूण फीपैकी आगाऊ रक्कम. अंतिम बिलात वळती केली जाईल." कोटेशनमध्ये, प्रोफॉर्मावर, पावतीवर, शेवटच्या बिलावर, सगळीकडे हेच शब्द. चार कागदांवर चार शब्द आले की हिशेबनीस गोंधळतो, आणि गोंधळलेला हिशेबनीस पैसे थांबवतो.

किती मागायचं

याला कायद्याचं बंधन नाही. माझा हिशेब पहिल्या टप्प्यातल्या कष्टांवर ठरतो. लोगोच्या कामात खरा विचार पहिल्या आठवड्यात होतो, तीन कल्पना दाखवल्या की निम्मं काम झालेलं असतं. म्हणून तिथे मी ५०% घेते. दोनशे पानांच्या पुस्तकाच्या मांडणीत मेहनत सारखी पसरलेली असते, तिथे ३०% पुरतात आणि पुढचे पैसे प्रकरणांच्या गठ्ठ्यांवर ठरतात. १०,००० च्या आतल्या कामाला मी पूर्ण रक्कम आधी घेते. एवढ्याशा बाकीसाठी तीन वेळा फोन करण्यात कामापेक्षा जास्त वेळ जातो.

बाहेरचा खर्च मात्र या टक्क्यांत घालू नका. फॉन्टचा परवाना, विकत घ्यायचे फोटो, डोमेन, होस्टिंग, डमी छापून घेण्याचा खर्च हा क्लायंटचा खर्च आहे. तो वेगळ्या ओळीत लिहा आणि पूर्ण आधी घ्या. माझ्या ओळखीत अनेकांचा ॲडव्हान्स याच खर्चात गेला आहे, आणि महिनाभर त्यांनी फुकट काम केलं हे त्यांना शेवटी कळलं.

"आधी काम तर बघू, पैसे कुठे पळून चाललेत?" हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्यावर चिडू नका, रक्कमही लगेच कमी करू नका. टप्पा लहान करा. "ठीक आहे दादा, आपण पहिला टप्पाच वेगळा करू. १२,००० मध्ये दोन कल्पना दाखवते, पुढचं तुम्हाला पटलं तर." ते १२,००० मात्र आधीच. नव्या माणसाला एवढ्याने तुमचं काम कळतं, आणि तुम्हाला त्याचं पैसे देणं.

कोटेशनमध्येच ॲडव्हान्सची अट

कोटेशनमध्ये ज्याचा उल्लेख नाही ते नंतर मागितलं की क्लायंटला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. म्हणून दराच्या लगेच खाली, शेवटच्या पानावरच्या बारीक अटींत नव्हे, हा मजकूर घाला:

"एकूण फी ८०,००० रुपये. काम सुरू करण्यासाठी ४०% आगाऊ, म्हणजे ३२,००० रुपये. उरलेले ६०% अंतिम आर्टवर्क मंजूर झाल्यावर, ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) देण्याआधी. कामाचे दिवस आगाऊ रक्कम आणि मजकूर दोन्ही मिळाल्याच्या तारखेपासून मोजले जातील. फीमध्ये करेक्शनचे तीन राउंड धरले आहेत. काम मध्येच थांबल्यास तोवर झालेल्या कामाची फी आगाऊ रकमेतून घेऊन उरलेली रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल. हे कोटेशन ३० दिवस लागू."

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य दिवस मोजण्याचं आहे. "२० दिवसांत देते" असं लिहून ठेवलं आणि पैसे अठराव्या दिवशी आले, तर उशीर तुमच्या माथी. "दोन्ही मिळाल्याच्या तारखेपासून" या शब्दांनी तो वाद उरतच नाही.

कोटेशनला मंजुरी लेखी घ्या. सहीच पाहिजे असं नाही. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर "कोटेशन मंजूर, काम सुरू करा" एवढं पुरे, पण त्यात कोटेशनचा क्रमांक येऊ द्या. कंपनीचं काम असेल तर परचेस ऑर्डर, म्हणजे काम दिल्याचा कंपनीचा लेखी कागद, मागा आणि तिच्यात ॲडव्हान्सची अट आली आहे का ते वाचा. मी एकदा न वाचता काम सुरू केलं होतं. ऑर्डरमध्ये "पेमेंट ६० दिवसांनी" छापलेलं होतं, आणि अकाउंट्स खात्याने कोटेशनऐवजी ऑर्डरच खरी धरली.

प्रोफॉर्मा: पैसे मागण्याचा कागद

मंजुरी आली की त्याच दिवशी प्रोफॉर्मा पाठवा. हे कराचं बिल नव्हे. अमुक कामासाठी अमुक रक्कम आगाऊ द्या, अशी ती औपचारिक मागणी आहे. तिने जीएसटी लागत नाही आणि तुमच्या विक्रीच्या नोंदीतही ती येत नाही. म्हणूनच ती सोयीची आहे: क्लायंटचा विचार बदलला तर कागद नुसता रद्द होतो, मागे निस्तरायला काही उरत नाही. वर मोठ्या अक्षरांत "प्रोफॉर्मा इन्व्हॉइस" लिहा, आणि तिचे क्रमांक बिलांच्या क्रमांकांपासून वेगळे ठेवा. माझा नमुना असा:

प्रोफॉर्मा इन्व्हॉइस
क्रमांक: पीआय/२५-२६/०१४
दिनांक आणि देय दिनांक (मी ७ दिवस देते)
माझं नाव, पत्ता, पॅन, असल्यास जीएसटी क्रमांक
क्लायंटचं नोंदणीतलं नाव, पत्ता, असल्यास जीएसटी क्रमांक
संदर्भ: कोटेशन क्रमांक आणि तारीख, किंवा परचेस ऑर्डर क्रमांक
तपशील: मसाल्याच्या सहा पाकिटांचं डिझाइन, एकूण फी ८०,०००
आगाऊ ४०%: ३२,०००
जीएसटी: लागू असल्यास
या प्रोफॉर्मावर देय एकूण
बँकेचा तपशील, यूपीआय आयडी
टीप: ही आगाऊ रक्कम अंतिम बिलात वळती केली जाईल. रक्कम जमा झाल्यावर पावती पाठवली जाईल.

क्लायंटचं नाव त्याच्याकडून लिहून घ्या. दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं, जीएसटी नोंदणीत दुसरं, आणि पैसे तिसऱ्याच खात्यातून येतात. तसंच तुमचं बँक खातं ज्या नावाने आहे तेच नाव कागदावर असू द्या. मी "स्टुडिओ" या नावाने प्रोफॉर्मा पाठवली आणि खातं माझ्या नावाचं होतं, तेव्हा एका कंपनीच्या अकाउंट्स खात्याने फाइल परत पाठवली होती. मोठ्या कंपन्यांत आधी व्हेंडर नोंदणी करावी लागते: पॅन, रद्द केलेला चेक, एखादं प्रतिज्ञापत्र. हे कागद एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, नाहीतर ॲडव्हान्सचे पहिले दोन आठवडे त्यातच जातात.

जीएसटी नोंदणी नसेल तर

महाराष्ट्रात आणि गोव्यात फक्त सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावर नोंदणी करावी लागते. दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटला सेवा दिली तरी मर्यादा हीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये तशी सूट दिली गेली. तेव्हा बेंगळुरूचा क्लायंट मिळाला म्हणून घाईने नोंदणी करायला हवी असं नाही.

नोंदणी नसेल तर काम सोपं आहे. प्रोफॉर्मावर कराची ओळ येत नाही. पैसे आले की साधी पावती द्या आणि काम संपल्यावर पूर्ण फीचं बिल करून त्यात ॲडव्हान्स वजा दाखवा. बिलाच्या डोक्यावर "टॅक्स इन्व्हॉइस" लिहू नका. क्लायंटकडून जीएसटी तर अजिबात घेऊ नका, नोंदणीशिवाय कर गोळा करणं हा दंडाचा गुन्हा आहे.

नोंदणी असेल तर

इथे सावकाश वाचा, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

सेवेच्या बाबतीत कराची वेळ बिलाच्या आणि पैशांच्या मागोमाग येते. बिल वेळेत निघत असेल तर बिलाची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख यांपैकी जी आधीची, त्या दिवशी जीएसटी लागू होतो. म्हणजे ॲडव्हान्स खात्यात आला त्या दिवशी त्या रकमेवरचा कर तुमच्या डोक्यावर बसला, काम एक रेघही झालेलं नसलं तरी. मालाच्या विक्रीतल्या ॲडव्हान्सवरचा कर नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकला गेला. दुकानदार मित्र सांगतात "ॲडव्हान्सवर कुठे जीएसटी असतो?", ते त्यांच्यापुरतं खरं आहे. सेवा देणाऱ्यांना ती सवलत मिळालेली नाही.

त्यामुळे प्रोफॉर्मामध्ये ॲडव्हान्सवरचा जीएसटी मागायलाच हवा. वरच्या उदाहरणात फी ८०,००० आणि १८% प्रमाणे कर १४,४००, एकूण ९४,४००. ॲडव्हान्स ३२,००० अधिक ५,७६०, म्हणजे प्रोफॉर्मा ३७,७६० ची. क्लायंट महाराष्ट्रातलाच असेल तर कर ९% केंद्राचा आणि ९% राज्याचा असा दोन ओळींत, बाहेरच्या राज्यातला असेल तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारांवरचा जीएसटी) १८% एका ओळीत.

कराची ओळ विसरून नुसते ३२,००० मागितले तर? आलेली रक्कम करासह धरावी लागते. ३२,००० ला ११८ ने भागून १८ ने गुणा: ४,८८१ रुपये कर झाला आणि तुमच्या हातात फीचे २७,११९ च उरले. शेवटच्या बिलात हे जुळवून घेता येतं, पण तोपर्यंत कर तुमच्या खिशातून जातो.

पैसे जमा झाले की द्यायच्या कागदाला कायद्यात स्वतंत्र नाव आहे: रिसीट व्हाउचर. त्यावर काय असावं ते जीएसटी नियम ५० मध्ये दिलं आहे. तुमचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा, १६ अक्षरांच्या आतला क्रमांक, तारीख, क्लायंटचा तपशील, कामाचं वर्णन, आगाऊ रक्कम, कराचा दर आणि कराची रक्कम, परराज्यातलं काम असेल तर पुरवठ्याचं ठिकाण राज्याच्या नावासह आणि कोडसह (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०), कर रिव्हर्स चार्जखाली (म्हणजे तुमच्याऐवजी क्लायंटने थेट भरायचा) आहे का, आणि सही. व्हॉट्सॲपवरचं "पैसे मिळाले, धन्यवाद" हे रिसीट व्हाउचर होत नाही.

विवरणपत्रात नोंद अशी: ॲडव्हान्स आणि त्याचं बिल एकाच महिन्यात, किंवा तिमाही विवरण भरत असाल तर एकाच तिमाहीत आलं, तर फक्त बिल दाखवलं की झालं. बिल पुढच्या कालावधीत जाणार असेल तर जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता ११ए मध्ये ॲडव्हान्स दाखवायचा, आणि पुढे बिल केलं की ११बी मध्ये तो वळता करायचा. ११बी विसरलात तर त्याच रकमेवर दोनदा कर भरला जातो. सीएकडे विवरण देत असाल तर "या तिमाहीत आलेले आणि वळते झालेले ॲडव्हान्स" अशी दोन रकान्यांची यादी त्यांना स्वतःहून पाठवा. बँकेच्या उताऱ्यावरून त्यांना ते ओळखता येत नाही.

दुसरा रस्ताही आहे आणि कंपन्यांच्या कामात मी तोच धरते: पहिल्या टप्प्याचं थेट टॅक्स इन्व्हॉइस. कारण असं की रिसीट व्हाउचरवर क्लायंटला इनपुट टॅक्स क्रेडिट (तुम्हाला दिलेल्या जीएसटीची त्याच्या स्वतःच्या जीएसटीतून वजावट) मिळत नाही, त्यासाठी टॅक्स इन्व्हॉइस लागतं. कंपनीचं अकाउंट्स खातं म्हणूनच प्रोफॉर्मावर पैसे सोडायला नाखूश असतं. तीन महिन्यांहून लांब चालणाऱ्या, टप्प्याटप्प्याने पैसे ठरलेल्या कामात तर प्रत्येक देय तारखेला बिल करणं कायद्यालाच अपेक्षित आहे. धोका एकच: बिल केलं की पैसे येवोत न येवोत, कर भरावा लागतो. म्हणून नव्या, लहान क्लायंटला प्रोफॉर्मा आणि परचेस ऑर्डर दिलेल्या कंपनीला थेट बिल, असा माझा नियम आहे.

टीडीएस ॲडव्हान्सवरही कापला जातो

अनेकांना ३२,००० ऐवजी २८,८०० आले की क्लायंटने पैसे मारले असं वाटतं. तसं नसतं. तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून तुमच्या नावे सरकारकडे भरलेला आयकर असतो. पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कर कापणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि ॲडव्हान्स हे पैसे देणंच आहे. व्यावसायिक फीवर साधारण १०% कापतात. वर्षभरात त्या एका क्लायंटकडची फी ५०,००० च्या वर जाणार असेल तर. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. जुन्या आयकर कायद्यातलं हे कलम १९४जे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात या कपातीची तरतूद कलम ३९३ मध्ये आहे. लहान दुकानदार, ज्याची आदल्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या आत आहे, त्याला तुमच्या फीवर टीडीएस कापावा लागत नाही.

जीएसटीची रक्कम कागदावर वेगळी दाखवली असेल तर टीडीएस फक्त फीवर कापायचा, करावर नाही. प्रत्यक्ष करांच्या केंद्रीय मंडळाने २०१७ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. आपल्या उदाहरणात ३२,००० वर ३,२०० कापून ३७,७६० ऐवजी ३४,५६० जमा होतील. पावती मात्र पूर्ण ३७,७६० ची करा आणि खाली लिहा: "यापैकी टीडीएस ३,२००, बँकेत जमा ३४,५६०." जमा झाली तेवढ्याचीच पावती दिली की शेवटच्या बिलात ३,२०० ची फट पडते आणि ती कुठून आली हे सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

मार्चमधल्या ॲडव्हान्सकडे खास लक्ष द्या. टीडीएस या वर्षात कापला गेला आणि तुम्ही उत्पन्न पुढच्या वर्षात दाखवलं, तर कराचं श्रेयही उत्पन्नासोबत पुढे न्यावं लागतं. विवरणपत्र भरण्याआधी सीएला हे आठवणीने सांगा. पॅन न देता काम केलंत तर कपात २०% होते, म्हणून पॅन प्रोफॉर्मावरच छापा.

पैसे येईपर्यंत, आणि आल्यावर

स्क्रीनशॉटवर काम सुरू करू नका. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच पावती. चेक असेल तर वटल्यावर. रोख घेत असाल तर ५,००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करा. एका व्यवहाराचे २ लाख किंवा त्याहून जास्त रोखीने घेता येत नाहीत, तुकडे करूनही नाही.

पावतीसोबत मी तीन ओळी लिहिते: "नमस्कार मॅडम, ३२,००० रुपये आगाऊ मिळाले, पावती जोडली आहे. आजपासून काम सुरू. पहिल्या दोन कल्पना १८ तारखेपर्यंत पाठवते. पाकिटावरचा मजकूर १२ तारखेपर्यंत मिळावा." पैसे देणाऱ्याला लगेच तारीख मिळाली की त्याला पैसे सार्थकी लागल्यासारखं वाटतं, आणि मजकुराची जबाबदारी त्याच्याकडे आहे हेही नोंदलं जातं.

पैसे आलेच नाहीत तर देय तारखेनंतर दोन दिवसांनी एक साधा निरोप: "साहेब, प्रोफॉर्मा मिळाली ना? काही दुरुस्ती हवी असेल तर सांगा." निम्म्या वेळा अडचण कागदातच असते, जीएसटी क्रमांक चुकलेला असतो किंवा ईमेल भलत्याच माणसाकडे गेलेला असतो. आठवड्याने दुसरा: "तुमच्या कामासाठी १० तारखेपासूनचे दिवस राखून ठेवले होते. आगाऊ रक्कम शुक्रवारपर्यंत आली तर तेच दिवस ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यातले देता येतील." यात धमकी नाही, आणि ते शंभर टक्के खरं असावं. खरंच दुसरं काम घ्या. "सुरुवात तर करा, पैसे येतीलच" या आग्रहाला मी आता नम्रपणे नाही म्हणते. दिवाळीच्या तोंडावर हे सगळ्यात अवघड जातं, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त गरजेचं असतं.

अंतिम बिल

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त बाकीचं बिल करणं. ॲडव्हान्सला रिसीट व्हाउचर दिलं असेल तर अंतिम टॅक्स इन्व्हॉइस पूर्ण कामाचं करायचं. फी ८०,०००, जीएसटी १४,४००, एकूण ९४,४००. त्याखाली: "वजा: रिसीट व्हाउचर क्रमांक आरव्ही/२५-२६/००९, दिनांक अमुक, ३७,७६०." बाकी देय ५६,६४०. क्लायंट ४८,००० वर ४,८०० टीडीएस कापेल आणि तुमच्या खात्यात ५१,८४० येतील. पडताळा सोपा आहे: ३४,५६० आणि ५१,८४० मिळून ८६,४००, म्हणजे ९४,४०० वजा एकूण टीडीएस ८,०००. हा पडताळा प्रत्येक कामाला करा, दोन मिनिटं लागतात.

पहिल्या टप्प्याचं टॅक्स इन्व्हॉइसच दिलं असेल तर शेवटचं बिल फक्त ४८,००० अधिक जीएसटीचं, आणि तपशिलात आधीच्या बिलाचा क्रमांक. दोन्ही पद्धती एकाच कामात मिसळू नका.

सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल निघालं पाहिजे. करेक्शन संपत नाहीत म्हणून बिल लांबवू नका. बाकीसाठी एक आधार आहे: उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते, आणि नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. मी उद्यम क्रमांक बिलावर छापते. तो दिसला की कंपनीचं अकाउंट्स खातं तारीख पाळतं, कारण मुदतीनंतर दिलेला खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षाच्या उत्पन्नातून वजा मिळतो.

काम मध्येच मोडलं तर

आधी झालेलं काम मोजा. कोटेशनमध्ये टप्प्यांची फी लिहिली असेल तर हे पंधरा मिनिटांचं काम आहे, नसेल तर भांडण आहे. समजा पहिल्या टप्प्याचे २०,००० झाले आणि ॲडव्हान्सची फी ३२,००० होती. २०,००० अधिक जीएसटीचं बिल करा, ते ॲडव्हान्समधून वळतं करा आणि उरलेले १२,००० त्यांच्या जीएसटीसह परत करा. कामच सुरू झालं नसेल आणि बिल निघालं नसेल तर पूर्ण रक्कम परत करताना रिफंड व्हाउचर द्यायचं, त्यात मूळ रिसीट व्हाउचरचा क्रमांक येतो. टॅक्स इन्व्हॉइस आधीच दिलं असेल तर रिफंड व्हाउचर चालत नाही, क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद, लागते. दोन्हींत टीडीएस कापला गेला असेल तर तो क्लायंटकडून दुरुस्त करून घ्यायचा की तुम्ही विवरणपत्रात घ्यायचा, हे पैसे परत करण्याआधी ठरवा.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवा. "माझ्या भावाच्या नंबरवर टाका" असं कितीही आपुलकीने सांगितलं तरी नाही.

परदेशी क्लायंट

दुबई, लंडन, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांची, छोट्या उद्योगांची कामं आता पुष्कळांकडे येतात. क्लायंट परदेशात, पैसे परकीय चलनात आणि सेवा निर्यातीच्या अटींत बसत असेल तर तिच्यावर कर शून्य. पण नोंदणी असलेल्याला त्या आर्थिक वर्षाचं लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, आधी दाखल करावं लागतं. ते दर एप्रिलमध्ये नव्याने करायचं असतं, आणि ॲडव्हान्स येण्याआधी. प्रोफॉर्मावर रक्कम त्यांच्या चलनात लिहा आणि बँकेचं शुल्क कोण सोसणार तेही लिहा, नाहीतर ५०० डॉलरचे ४७० होऊन येतात. पैसे आले की बँकेकडून किंवा पेमेंट सेवेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला घेऊन तो पावतीला जोडा.

हे सगळे कागद, कोटेशन, मंजुरीचा निरोप, प्रोफॉर्मा, पावती, अंतिम बिल, बँकेचा उतारा, मी कामाच्या नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवते. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. नाशिकच्या त्या व्यापाऱ्याचं काम अजूनही दर हंगामात येतं. आता पैसे टाकण्याआधी त्यांचा हिशेबनीसच फोन करतो: "ताई, प्रोफॉर्मा पाठवा, म्हणजे नोंद कुठे करायची ते कळतं."